खानावळीची वही



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला पहिले पत्र लिहिले, तेव्हा 'कामगार चळवळीची वाटचाल' या विषयावर आम्ही बोलावे, असे त्यांनी सुचवले होते. आम्ही उलट टपाली कळवले की, त्या विषयावर बोलणारी जाणकार मंडळी पुष्कळ आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे, आणि आमची शाळा तर सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले, ते चाळीच्या वाचनालयातील बाकावर बसून वाचले. तेव्हा पुस्तकात मिळणार नाही असे काही आमच्याजवळ असेल, तर ते आमच्या आजीजवळून आणि आईजवळून आलेले आहे. त्या दोघींविषयी बोलू द्याल तर येतो. चिटणिसांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार मानून विषयास प्रारंभ करतो.

आईविषयी बोलू लागले की सभेत रुमाल बाहेर निघतात, हे आम्ही पाहिले आहे. आज तसे व्हावे अशी आमची इच्छा नाही. आम्ही युनियनची माणसे. आम्हांला हिशेब मांडण्याची सवय. आज एक राहिलेला हिशेब मांडायचा आहे आणि त्यात आमची स्वतःचीच एक चूक आहे. ती प्रथम सांगतो.

आमची आई २०१६ साली वारली. मृत्यूची नोंद करण्यासाठी आम्ही कचेरीत गेलो. खिडकीतील कारकुनाने नाव विचारले, वय विचारले, पत्ता विचारला. मग विचारले, "व्यवसाय?" आम्ही म्हणालो, "काही नाही. घरीच असायची." त्याने तसे लिहून घेतले. आम्ही पावती घेतली आणि जिना उतरू लागलो. अर्ध्या जिन्यात आमचे पाय थांबले. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षे ठेक्यावरील कामगारांच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या सभांतून 'घरात केलेले काम हेसुद्धा काम आहे' असे घसा कोरडा करून सांगितले, त्याच माणसाने आपल्या आईचे पन्नास वर्षांचे काम दोन शब्दांत पुसून टाकले होते! परत वर जाऊन दुरुस्ती करता आली असती. पण खिडकीपुढे रांग होती आणि आम्हांला लाज वाटत होती. आम्ही गेलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे ती राहिलेली दुरुस्ती आहे, असे समजावे.

आता आजीकडे वळू. आमची आजी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील. लग्न होऊन १९३७ साली ती मुंबईस आली आणि पुढल्याच वर्षी लालबागच्या बाजूच्या एका गिरणीत वायडिंग खात्यात लागली. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. गिरणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साच्यावर उभा असलेला पुरुष येतो. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत साधारणपणे पाच कामगारांमागे एक बाई असे. वायडिंग आणि रिळिंग ही बायकांची खाती. बॉबिनवरचे सूत उलगडून ते दुसऱ्या बॉबिनवर भरायचे, तुटले की गाठ मारायची, पुन्हा सोडायचे. मजुरी उक्ती, म्हणजे जेवढे सूत तेवढे पैसे. दिवसभर उभ्याने काम आणि हवेत कापसाची पिंज. वर नायकीण. तिची मर्जी असेल तर चांगले सूत, नसेल तर तुटके. सुताने कापलेल्या आजीच्या बोटांवरच्या रेघा ती गेली तोपर्यंत तशाच होत्या. लहानपणी आम्हांला वाटे, सगळ्यांच्याच आज्यांची बोटे अशी असतात.

बाळंतपणात बाईला रजा आणि काही पैसे मिळावेत यासाठी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली आसवले यांनी बिल आणले होते आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी त्यास पाठिंबा देणारे भाषण केले होते. पुढल्या वर्षी तो कायदा झाला. १९४२ साली आमच्या वडिलांच्या जन्माच्या वेळी आजीस त्याचा लाभ मिळाला. तिला कायद्याचे नाव ठाऊक नव्हते. ती एवढेच म्हणे, "तुझ्या बापाच्या टायमाला गिरणीनं घरी बसवून पैसं दिलं व्हतं." आमच्या घराण्यात एखाद्या बाईला घरी बसल्याचे पैसे मिळाले, असा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

पण जे कायदे बाईच्या भल्यासाठी झाले, त्यांचाच हिशेब पुढे तिच्याविरुद्ध मांडला गेला. रात्रपाळीत बाई चालत नाही. बायका अमुक इतक्या असतील तर पाळणाघर ठेवावे लागते. बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने यांतील पहिल्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या. त्यातच जलद चालणारी नवी यंत्रे आली. तेव्हा बाईऐवजी पुरुष ठेवलेला बरा, असा विचार मालकवर्गाने केला. इथे आम्ही आमच्या बाजूचीही कबुली देतो. कामगार पुढाऱ्यांनी या गोष्टीस जेवढा विरोध करावयास हवा होता, तेवढा केला नाही. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बाया गिरणगावच्या चळवळीत पुढे होत्या. पण पुरुषाला पुरेसा पगार मिळाला म्हणजे बाईला कामाची गरजच काय, असे मानणारे आमच्यात पुष्कळ होते. परिणाम असा झाला की, १९७०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत शंभरात पाच बायकाही उरल्या नाहीत.

आजीची पाळी १९६४ साली आली. एके दिवशी खात्यातल्या वीसेक बायकांना ऑफिसात बोलावले. "अंगठा करा, हिशेब मिळेल," असे नायकिणीने सांगितले. आजीने अंगठा केला. संध्याकाळी चाळीतल्या एका शिकलेल्या माणसाने तो कागद वाचून दाखवला. त्यात 'मी स्वखुशीने काम सोडीत आहे' असे होते. सव्वीस वर्षांची नोकरी एका अंगठ्यात संपली. आजी रडली नाही, असे वडील सांगत. हाती आलेल्या पैशांतून तिने दोन मोठी पातेली, एक परात आणि एक शेगडी घेतली आणि दहा-बारा गाववाल्यांना जेवायला घालू लागली. आमच्या घरच्या खानावळीचा जन्म असा झाला. दोन वर्षांनी आमची आई सून म्हणून त्या घरात आली आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी परातीपुढे बसली.

ज्यांनी गिरणगाव पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घाटावरून आणि कोकणातून येणारा कामगार बायकामुले गावी ठेवून येई. पंधरा-वीस जण मिळून एक खोली घेत, पाळीपाळीने तिच्यात झोपत आणि जवळच्या एखाद्या बाईकडे जेवत. अशी ही खानावळ. तिला पाटी नसे, टेबल-खुर्ची नसे. दहा बाय बाराची आमची खोली. तिच्यात आमचे बिऱ्हाड आणि तिच्यातच 'मेंबरां'च्या पंगती. १९७८ साली आमचे वडील छातीच्या विकाराने वारले. ते साचेखात्यात होते. त्यानंतर ती खानावळच आमचे सर्वस्व झाली.

आईचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. गिरणीच्या कामगाराला तीनपैकी एक पाळी असे. आईला तिन्ही असत. पहाटे चारच्या आत नळावर नंबर लावायचा, कारण पाणी त्याच वेळी येई. सातच्या आत पहिल्या पाळीचे डबे भरायचे. दुपारी दोनपर्यंत दुसऱ्या पाळीची पंगत उठवायची. रात्री आठला पहिल्या पाळीचे लोक जेवत, साडेदहाला तिसऱ्या पाळीचे, आणि मध्यरात्रीनंतर दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्यांसाठी ताटे झाकून ठेवायची. दोघी मिळून दिवसाकाठी सव्वाशेच्या वर भाकऱ्या थापीत. रविवारी सुकट किंवा मटणाचे कालवण. एकाला मिठाचे पथ्य, दुसऱ्याला वांगे चालत नाही, हे सारे आईच्या डोक्यात. १९७२-७३च्या महागाईत बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. आमच्या रस्त्यावरून मोर्चा गेला तेव्हा शेजारणीने आईला हाक मारली. आई म्हणाली, "येते, पण दुसऱ्या पाळीचं जेवण कोण करंल?" मोर्चा पुढे निघून गेला. भुकेविरुद्धच्या मोर्चात जायला जिला सवड नव्हती, ती बाई पंचवीस माणसांची भूक भागवीत होती.

आता वहीविषयी. आईला आणि आजीला लिहिता येत नव्हते. आम्ही चौथीत गेलो तेव्हा आजीने शंभर पानी वही आणली आणि म्हणाली, "आता तू लिव्हायचं. मी अंगठा करून फसले." प्रत्येक मेंबराला एक पान. वर त्याचे नाव, गाव, गिरणी, खाते आणि तिकीट नंबर. तिकीट नंबर लिहून घेण्याची अक्कल आजीची; गिरणीत माणूस नावाने ओळखला जात नाही, नंबराने ओळखला जातो, हे तिला ठाऊक होते. खाली तारखा, खाडे, उचल आणि जमा. मेंबर जेवला नाही तो दिवस म्हणजे खाडा. त्याचे पैसे वजा व्हायचे. महिनाभर जेवायचे आणि दहा तारखेला पगार झाला की पैसे द्यायचे.

या एका गोष्टीकडे अर्थशास्त्र्यांचे फारसे लक्ष गेले नाही. ज्या कामगाराला कुठली बँक दारात उभी करीत नव्हती, त्याला महिनाभराचे जेवण उधार कोण देत होते? ही अडाणी बाई देत होती. तिला वाणी उधार देई, त्यावर व्याज लावी. गिरणीमालकाने पगार महिना उलटल्यावर द्यायचा, आणि तोपर्यंत त्याच्या कामगाराला जगवायचे काम खानावळवालीने करायचे. कामगाराची बायको गावी शेत राखीत होती आणि खानावळवाली मुंबईत त्याचे पोट राखीत होती. म्हणून तर तेवढ्या पगारात गिरणीला माणूस मिळत होता. अशा बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्यांचे ते काम फार मोठे आहे. आमच्या चाळीतल्या दोघी त्यात गेल्या. आमची आजी मात्र आईला जाऊ देईना. कर्जाच्या कागदावर अंगठा करायचा म्हटले की तिला १९६४ साल आठवे.

पुढे आम्ही युनियनमध्ये दुसऱ्यांचे पगाराचे दावे लिहू लागलो, तेव्हा एका रात्री सहज १९८१ सालचा आमच्या घरचा दावा मांडून पाहिला. मेंबर सव्वीस, दर महिन्याला माणशी शंभर रुपये, म्हणजे जमा सव्वीसशे. वाणी, रॉकेल, कोळसा, भाजी, भाडे, व्याज मिळून खर्च साडेबावीसशे. उरले साडेतीनशे. दोन बायका, रोज सोळा तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे नऊशे साठ तास. तासाला छत्तीस पैसे. बदली कामगाराच्या मजुरीपेक्षाही ही मजुरी कितीतरी पटीने कमी होती. आणि हे चांगले दिवस होते!

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साठ गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. पगारवाढ, बदल्यांना कायम करणे आणि १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने ज्या एकाच युनियनला मान्यता मिळत असे त्या कायद्याविरुद्धचा राग, हे सारे त्यात होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. फेब्रुवारीत जानेवारीच्या सतरा दिवसांचा पगार आला, तेवढे पैसे मेंबरांनी आईला दिले. मार्चमध्ये काही नाही. सव्वीसांपैकी पंधरा जण गावी गेले, अकरा राहिले. कोणी पिकेटिंगला, कोणी भाजी विकायला, कोणी हमालीला.

वाण्याने एप्रिलात हात आखडला. आईच्या पाटल्या गेल्या, आजीचे तांब्याचे घंगाळ गेले, मग हंडे. आमटी पातळ झाली, मग भाकरी आणि मिरचीचा खर्डा राहिला. आई एकदा म्हणाली, "आत्याबाई, आता बंद करू या का?" आजी म्हणाली, "गिरणी बंद झाली म्हून पोट बंद व्हतं का? ही पोरं आपल्या जिवावर थांबल्यात." त्यावर आई काही बोलली नाही. तिने पीठ चाळायला घेतले.

त्या दिवसांतील एक गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. एक मेंबर चार दिवस जेवायला आला नाही. त्याच्याजवळ पैसे नव्हते आणि फुकट खायची त्याला शरम वाटत होती. आईने आम्हांला त्याच्या खोलीवर पाठवले आणि निरोप दिला, "सांग, वहिनीनं खाडा मांडला नाही. न जेवता पैसे भरावे लागतील, त्यापरीस या." तो मुकाट्याने उठून आला. वहीत त्या चार दिवसांपुढे खरोखरीच खाडा नाही. आम्ही हिशेबात चूक झाली म्हणून लिहायला गेलो, तर आईने पेन्सिल धरली आणि म्हणाली, "असू दे तसंच." माणसाचा मान राखून त्याला दया कशी दाखवावी, याचे याहून चांगले शिक्षण आम्हांला कुठल्याही पुढाऱ्याकडून मिळाले नाही.

गावोगावच्या शेतकऱ्यांनी संपकऱ्यांसाठी धान्य पाठवले. आमच्या भागात त्याचे वाटप झाले, तेव्हा आई पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. वाटणाऱ्याने विचारले, "तिकीट कुणाचं?" यादी गिरणीच्या तिकिटावर होती. आईच्या वहीत अकरा तिकिटांचे नंबर होते. तिचे स्वतःचे एकही नव्हते. ती रिकाम्या पिशवीने परतली. संध्याकाळी मेंबरांनी आपापल्या वाट्याचे ज्वारी-तांदूळ आणून तिच्या परातीत ओतले, हेही सांगितले पाहिजे. मेंबर वाईट नव्हते. वाटणाराही वाईट नव्हता. यादीच तशी केलेली होती.

तो संप कधी मागे घेतल्याचे जाहीर झाले नाही. तो विरून गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले नाही. १९८३च्या दिवाळीत आईने आम्हांला वहीची बेरीज करायला सांगितले. येणे निघाले सात हजार आठशे बासष्ट रुपये. आम्ही आकडा सांगितला. आई बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पानं फाडू नकोस." त्याच वर्षी आमची शाळा सुटली. त्या रकमेतील काही पुढे आली. १९९१ साली एक जण गावाहून तांदळाची गोणी आणि चारशे रुपये घेऊन आला आणि आजीच्या तसबिरीपुढे डोके टेकून गेला. आजी १९८८ साली वारली होती. दोघे मेल्याचे कळले. त्यांच्या पानांवर आईने आमच्याकडून आडवी रेघ मारून घेतली. बाकीचे येणे तसेच राहिले.

आणखी एक प्रकरण सांगून विषय आवरता घेतो. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहू लागल्यावर कामगारांनी लढून घरांचा हक्क मिळवला. ज्याचे नाव १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर होते, त्याला किंवा त्याच्या वारसाला घरासाठी अर्ज करता येईल, असा नियम झाला. अर्ज दीड लाखाच्या वर गेले. २०१२ साली सुमारे सात हजार घरांची सोडत निघाली. अर्ज भरण्याच्या दिवसांत आमचे एक जुने मेंबर काठी टेकीत घरी आले. तिकीट हरवले होते, नंबर आठवत नव्हता, गिरणी तर जमीनदोस्त झालेली. आईने ट्रंकेतून वही काढली. त्यांचे पान निघाले. गिरणी, खाते, नंबर, सारे आमच्या चौथीतल्या वेड्यावाकड्या अक्षरात! त्या नंबरावरून जुन्या दप्तरात शोध लागला. अशा दोघांचे अर्ज वहीवरून भरले गेले आणि त्यांपैकी एकाला घर लागले.

पेढे घेऊन तो आला तेव्हा आईने विचारले, "केवढं हाय?" तो म्हणाला, "सव्वादोनशे फूट, वहिनी." आईने विचारले, "नळ आत हाय का?" तो म्हणाला, "हाय." आई म्हणाली, "मग बरं झालं. सुनंला चारला उठाया नको."

आमचे काय? आजीचा अंगठा १९६४ सालचा. वडील १९७८ साली गेले. आई कुठल्याही हजेरीपटावर कधीच नव्हती. तेव्हा १ जानेवारी १९८२ या तारखेला आमच्या घरातील एकाही माणसाचे नाव कुठेच नव्हते. ज्या बाईच्या वहीने दुसऱ्याला हक्क शाबीत करता आला, तिचा स्वतःचा हक्क सिद्ध करणारा कागद जगात नव्हता. नियम करणाऱ्यांना आम्ही बोल लावीत नाही. हजेरीपट हाच त्यांच्या हातातला पुरावा होता. आमचा प्रश्न आम्हा युनियनवाल्यांना आहे. मालकाने हजेरीपट लिहिला तो त्याच्या सोयीने. दुसरा पट आपण का लिहिला नाही? संप जर अकरा माणसांच्या बळावर टिकला असेल आणि ती अकरा माणसे जर दोन बायकांच्या भाकरीवर टिकली असतील, तर त्या बायका संपात होत्या की नव्हत्या?

१९७२ साली अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी 'सेवा' ही बायकांची युनियन नोंदवायला नेली, तेव्हा या बायकांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध, अशी हरकत निघाली होती. युनियन ही कामगारांच्या एकीसाठी असते, तिला समोर मालक असलाच पाहिजे असे नाही, असे त्यांनी सांगितले आणि नोंदणी मिळवली. २००८ साली असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यात घरी बसून काम करणारे आणि स्वतःचा धंदा करणारे यांचाही समावेश होता. २०२१ साली ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. आम्ही वस्तीवस्तीत ते अर्ज भरायला बसलो. 'काय काम करता?' असे विचारले की दहांपैकी सात बाया म्हणत, "काही नाही, घरीच असते." मग पोळ्या कोण लाटून देते, फुलांच्या माळा कोण ओवते, ब्लाउजला हातशिलाई कोण करते, असे एकेक विचारत गेले की काम बाहेर निघे. जे उत्तर आम्ही त्या कचेरीत दिले होते, तेच उत्तर त्या स्वतःविषयी देत होत्या. त्यांना ते कोणी शिकवले? आम्हीच शिकवले.

श्रोतेहो, आईच्या कष्टांना आपण माया म्हणतो. माया असतेच, आम्ही ती नाकारीत नाही. पण माया म्हटले की मजुरी विचारावी लागत नाही, तास मोजावे लागत नाहीत, म्हातारपणी पेन्शनचा प्रश्न येत नाही. हा शब्द आपल्याला स्वस्त पडतो. आमच्या आईने कधी 'मी तुमच्यासाठी झिजले' असे म्हटले नाही. ती म्हणे, "वही काढ." तिला स्वतःच्या कामाची किंमत ठाऊक होती, ती आम्हांला ठाऊक नव्हती.

म्हणून एक विनंती करून खाली बसतो. ज्यांच्या घरी आई किंवा आजी हयात आहे, त्यांनी आज रात्री तिच्याजवळ बसून चार गोष्टी विचाराव्यात. कितव्या वर्षी कामाला लागलीस? काय काय केलेस? किती तास? त्याचे पैसे कोणी दिले, कोणी बुडवले? आणि ती सांगेल ते तारीखवार लिहून ठेवावे. ज्यांच्याकडे त्या नाहीत, त्यांनी आठवेल तेवढे लिहावे. आमच्या वहीची शेवटची चार पाने कोरी होती. त्यांतील एका पानावर आम्ही अलीकडे दोन नावे लिहिली आहेत. पहिल्या नावापुढे लिहिले आहे: वायडिंग खाते, १९३८ ते १९६४, खानावळ, १९६४ ते १९८८. दुसऱ्यापुढे लिहिले आहे: खानावळ, १९६६ पासून अखेरपर्यंत. खाडा नाही.